आकड्याला ओ द्यायची न्हाई

ऐका. आधी ती मोबाईलची बॅटरी बंद करा बघू. म्हातारीच्या डोळ्यांवर मारता व्हय रं? लाईट यायला अजून अवकाश हाय, तवर विहिरीवरच्या मोटारी काय पळून जात न्हाईत. बसा हितं पारावर. शेकोटीत चार काटक्या सारा. विलास, तू पण बस. लाईट आली की ओढ्यातनंच जाणार, जवळ पडतं, असं मघाशी म्हणालास न्हवं? ऐकलं मी. माझं कान अजून शाबूत हायेत.

तर ओढ्याचंच सांगते. जोगणीचा ओढा. नवीन सुना आल्यात, त्यांना ठावं न्हाई म्हणून सांगते. ज्यांना ठावं हाय त्यांनी मधी तोंड घालायचं न्हाई.

माझा थोरला भाऊ केरबादादा. बुटका माणूस, माझ्या खांद्याला लागायचा, पण जिद्द बघा तर हत्तीची. आन् त्याची बायको द्वारकावहिनी. ह्या दोघांचं काम काय, तर पाणी मोजायचं. हसू नका! शहरातली माणसं आली व्हती. ओढ्यात पाणी किती वाहतं आन् जमिनीच्या पोटात किती हाय, ह्याचा अभ्यास करायचा व्हता त्यांना. ओढ्याला खोल डोह हाय, त्याच्या वरच्या अंगाला त्यांनी ओढ्यात एक पांढरी पट्टी रोवली, तिच्यावर सेंटीमीटरचं काळं आकडं. काठावर लांबच लांब नळ्या पुरल्या, वर टोपणं बसवली. पट्टी वाचली की ओढ्याचं पाणी कळायचं. नळीत टेप सोडला की पोटातलं पाणी कळायचं. आन् टेपाला काय लावायचं ठावं हाय? खडू! शाळेतला खडू. टेपाला घासून घासून लावायचा, टेप खाली सोडायचा, वर ओढला की जितवर खडू ओला, तितवर पाणी. अंधारात सुद्धा कळायचं. कोरडा खडू बोटाला भुकटीवाणी लागतो, ओला खडू चिकट लागतो. केरबादादा नुसता अंगठा फिरवून सांगायचा.

रोज सकाळ-संध्याकाळ मोजणी. वहिनी ओढ्यात उतरायची, पट्टीजवळच्या खडकावर उभी राहून आकडा वरडायची. दादा काठावर. त्यानं तोच आकडा परत वरडायचा, मग लिहून घ्यायचा. एकदा चुकीचं ऐकून चुकीचं लिहिलं गेलं व्हतं. तवापासनं साहेबांनी बजावलं, आकडा परत आल्याबिगर पट्टीजवळच्या माणसानं जागा सोडायची न्हाई. वहिनीच्या अंगात तो नियम असा मुरला, काय सांगू तुमाला! घरात सुद्धा तेच. चुलीपुढनं वरडायची, "वैजू, दोन भाकरी!" आन् पोरगी अंगणातनं वरडायची, "दोन भाकरी!" वैजू त्यांची एकुलती एक. नवसाची. पाच-सहा वर्षांची असंल तवा. मायलेकींचा तो खेळच झाला व्हता. मी आपली डोक्याला हात लावायची, ह्या घरात कुणी गप्प म्हणून बसायचं न्हाई.

आन् त्या नियमानंच घात केला हो.

एका पावसाळ्यात ओढा तांबडा होऊन आला. दादा म्हणाला, आज ऱ्हाऊ दे. वहिनी म्हणाली, खाडा पडायचा न्हाई. उतरली. खडकावर उभी राहिली, पट्टी धरली, आन् वरडली, "एकशे साठ!" दादा काठावरनं वरडला, "एकशे साठ!" पण पाण्याचा आवाज केवढा! तिला न्हाई पोचलं. ती तितंच उभी. परत वरडली, "अवं, एकशे साठ!" दादानं नरडं फाडलं, हात हलवलं, अगं ये, अगं भाईर ये! तिला वाटलं, ह्यांना आकडाच कळंना. ती हललीच न्हाई. उत्तराची वाट बघत उभी राहिली माझी बाई. तेवढ्यात वरनं लोंढा आला. पट्टी राहिली, माझी वहिनी गेली. डोहात सापडली.

दादाचं पुढं काय झालं म्हणून इचारू नका. जेवायचा न्हाई, बोलायचा न्हाई. साहेब म्हणाले, दुसरा माणूस लावतो. दादा म्हणाला, तिनं खाडा पडू दिला न्हाई, मी कसा पडू देऊ? एकटाच जायचा. आकडा वाचायचा, गुमान लिहायचा, यायचा. वरडून कुणाला सांगणार? मी तवा माहेरीच येऊन राहिले, वैजूला बघायला. त्याच्या जगण्याला धरून ठेवणारी तेवढी एक पोरगी व्हती. ती जर गेली असती, तर हा त्याच दिवशी डोहात गेला असता, हे मी लिहून देते.

वर्ष झालं. पुढच्या भादव्यात पितरपाठ आला आन् अविधवा नवमी आली. नवरा जिता असताना गेलेल्या बाईची तिथी. वहिनीचं पान वाढलं. खीर, वडे, कढी, तिला आवडायची ती गवारीची भाजी. पत्र्यावर ठेवलं. कावळा आला. पानाकडं बघितलं. उडून गेला! परत आला, परत बघितलं, परत गेला. दादानं हात जोडलं, "पोरीला सावत्र आई आणायचा न्हाई." न्हाई शिवला. मी म्हटलं, "वहिनी, वैजूला पोटच्या लेकीवाणी बघते." न्हाई शिवला. शेजारणी आल्या, कुणी काय बोललं, कुणी काय. न्हाई म्हंजी न्हाई! ऊन कललं. दादा मान वर करून उभाच. डोळ्यांतनं पाणी चाललेलं. "यमुने, काय अडलंय गं तिचं? काय राहिलंय?" घरात कुणाच्या पोटात अन्नाचा कण न्हाई.

दिवेलागण झाली. पार अंधारलं आन् ह्याला आठवण झाली. मोजणी राहिली! उठला, टेप गळ्यात घातला, बॅटरी घेतली, खडू घेतला. मी आडवी झाले दारात. म्हटलं, "दादा, आजच्या दिवशी? तिन्हीसांजा टळून गेल्यात. डोहात गिऱ्हा हाय. आपल्या बापानं सांगितलंय." गिऱ्हा ठावं हाय न्हवं सुनांनो? पाण्यातलं भूत. आपल्या माणसाचा आवाज काढून हाक मारतं. ओ दिली की माणूस त्याचं.

दादा म्हणाला, "वैजूला संभाळ." आन् गेला.

आता पुढचं नीट ऐका. ओढ्यावर काय झालं ते दादानं मला सांगितलं. घरात काय झालं ते मी ह्या डोळ्यांनी बघितलं.

दादा नळ्यांपाशी पोचला. खडू घासला. मन ठिकाणावर न्हाई, घासतच राहिला, टेपाला पार वरपर्यंत खडू फासला. मग म्हणाला, आधी पट्टी बघू, नळ्या मागनं. टेप तसाच गळ्यात, टोक गुडघ्यापर्यंत लोंबतंय. काठाच्या दगडावर उतरला. बॅटरी मारली. पाणी शांत. आकडा दिसला, चाळीस. आन् वर्षभर गप्प बसलेला माणूस, त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, सवयीनं वरडला, "चाळीस!"

पलीकडनं आवाज आला, "चाळीस."

अगं बाई! बाईमाणसाचा आवाज. बारीक, जरा ओढून बोललेला. वहिनी तसंच बोलायची.

दादानं पळायला पायजे व्हतं, व्हय का न्हाई? तुमी पळाला असता. मी पळाले असते. पण वर्षभर ज्या आवाजासाठी माणूस झुरला, तो आवाज आला तर पळतं व्हय कुणी? तो म्हणाला, "द्वारके?" म्हणाला, "द्वारके, जेवली का न्हाईस गं?" उत्तर न्हाई. पाणी सुद्धा वाजंना.

आन् मग ती आपणहून बोलली, "पन्नास!"

दादाचं तोंड आपोआप उघडलं. "पन्नास."

"साठ!"

"साठ."

बॅटरी गेली. पण अंधार झाला न्हाई. म्हणाला, यमुने, सगळीकडं वाळू दिसली. पांढरी, कोरडी. ओढा आटलेला. पायाला वाळू लागत व्हती, उन्हानं तापलेली असती तशी. आन् लांब, वाळूच्या टोकाला ती उभी. हिरवं लुगडं. पाठमोरी. पट्टी धरून.

"सत्तर!"

दादा म्हणाला, "सत्तर," आन् एक पाऊल पुढं गेला. ओ दिली की पाऊल. ओ दिली की पाऊल. त्याला वाटतंय मी वाळूवर चाललोय. अरं देवा! चालत व्हता तो डोहात!

आता घरी या. त्याच वेळेला मी वैजूला थोपटून निजवलं व्हतं. दिवा बारीक केला. आन् पोरगी झोपेतनं उठून बसली. डोळं मिटलेलं. म्हणाली, "ऐंशी."

मी म्हटलं, काय गं? स्वप्न पडलं व्हय? तिनं पांघरूण टाकलं. उतरली. "नव्वद." दाराकडं चालली. कुणीतरी भाईरनं सांगतंय आन् ही परत म्हणतीय. मला एक शब्द ऐकू येत न्हाई, तिला येतोय! मी हात धरला. हात थंडगार. पाय बघितलं, पावलं ओली! सारवलेल्या भुईवर ओली पावलं उमटत व्हती. "शंभर." कडीला हात घातला तिनं. एवढीशी पोर, वरची कडी पोचायची न्हाई तिला कधी. त्या दिवशी पोचली.

काय करू मी? नवरा न्हाई, भाऊ ओढ्यावर, शेजारी आपापली कवाडं लावून बसलेलं. वरडले तरी कुणी आलं न्हाई. कमरेला मिठी घातली तर फरपटत न्यायला लागली मला. आकडा बोलली की एक पाऊल पुढं. बोलली की पुढं. तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ही बोलतीय म्हणून चालतीय! मी तिच्या तोंडावर हात दाबला. चावली. बघा, हितं, ह्या बोटाला अजून खूण हाय. रक्त आलं, पण मी हात काढला न्हाई. म्हटलं, वहिनी, तुझं काय ते तुझ्या नवऱ्याकडनं घे, पोर देणार न्हाई. मेले तरी देणार न्हाई!

आन् तिकडं? तिकडं दादाला ती दिसली मागं वळताना. तोंड दिसलं न्हाई म्हणाला, नुसता पदर. आन् पदराआडनं वैजू! बोट धरून उभी. "बाबा, एकशे वीस," म्हणाली. त्याला वाटलं, पोरगी माझ्या मागनं आली, ह्या रानात, ह्या वेळेला! त्याचं काळीज फाटलं. म्हणाला, "वैजू, थांब तितंच, मी आलो!" आन् निघाला की पळत. पण पळता येईना. वाळूत पाय जड. वाटलं, भूक लागलीय म्हणून असंल.

"एकशे तीस!"

"एकशे तीस," म्हणाला, आन् पुढं.

तेवढ्यात पोरगी गप्प झाली. हितं मी तोंड दाबलं ना, तितं तिचा आवाज गेला! पोरगी दिसती, ओठ हलत्यात, पण आवाज न्हाई. दादा घाबरला. आन् घाबरला की तो काय करायचा? टेप चाचपायचा. सवय हो. त्याचा अंगठा गळ्यातल्या टेपावर गेला आन् खाली घसरला. गळ्यापाशी खडू कोरडा, भुकटी. खांद्यापाशी कोरडा. आन् छातीपाशी अंगठा सुळकन् घसरला. चिकट! ओला खडू!

म्हंजी काय? सांगा की! म्हंजी पाणी छातीला लागलं व्हतं. डोळ्यांना वाळू दिसतीय, पायाला वाळू लागतीय, पण खडू काय डोळ्यांचं ऐकत न्हाई. आन् मग त्याच्या ध्यानात आलं. आकडं खोटं नव्हतं. ती त्याच्याच अंगावर पाणी मोजत व्हती. सत्तर म्हंजी कमरेपर्यंत. एकशे तीस म्हंजी छातीच्या वर चाललेलं. आन् एकशे साठ? बुटका माणूस माझा भाऊ. एकशे साठ म्हंजी डोक्यावरनं पाणी.

तेवढ्यात आवाज आला. अगदी जवळनं. कानाशी.

"एकशे साठ!"

आन् सगळं थांबलं. ती वाट बघायला लागली.

बाबांनो, तुमाला कळतंय का त्याचं काय झालं असंल? वर्षभर त्याला एकच आस व्हती, तो आकडा एकदा, फक्त एकदा, तिच्या कानापर्यंत पोचावा. झोपेत वरडायचा तो, "एकशे साठ, ये गं भाईर!" आन् आता ती समोर उभी राहून मागतीय. "अवं, एकशे साठ! मी कवाची उभी हाय. आकडा द्या की. पाय गारठलं माझं." रडत व्हती म्हणाला. शब्द दातांपर्यंत आला.

त्याला वैजू दिसली. ती वाळूवरची न्हवं. घरातली. उंबऱ्यात बसून माझ्या हातनं भात खाणारी.

त्यानं खडूचा खडा तोंडात कोंबला. अख्खा. दात आवळलं. आन् मागं वळला. वाळू गेली, अंधार आला, पाणी आलं, गार, गळ्यापर्यंत! पोहायला येत न्हाई. चिखलात पाय रुतलेलं. मागनं पदर अंगाला गुंडाळतोय. "अवं! अवं! एकशे साठ!" तोंडात खडू, डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, नुसता हुं हुं करत त्यानं नळीचं टोपण धरलं. काठावरची नळी! ओढत ओढत वर आला. मागं बघितलं न्हाई. सगळ्या वाटेनं आवाज येतच व्हता. बांध ओलांडला तवा कुठं थांबला.

दारात आला. मी कडी काढली. मी वैजूच्या तोंडावर हात धरून बसलेली, तो तोंडात खडू धरून उभा. कुणालाच बोलता येईना. पोरीला छातीशी घेतलं आन् असा रडला, असा रडला, तोंडातनं पांढरं पाणी गळत व्हतं. म्हणाला, "यमुने, मी तिला दुसऱ्यांदा उत्तर दिलं न्हाई."

मी बी रडले.

उजाडलं. तिथी उलटून गेली व्हती. तरी मी आंघोळ करून परत पान वाढलं, खीर शिळी, वडे शिळे. म्हटलं, दादा, तू ये. तो अंगणात आला. पत्र्यावर कावळा बसलेलाच व्हता, मान वाकडी करून. लख्ख उजेड पडलेला. ओढा लांब. दादानं मान वर केली. आन् हळूच, आपण घरच्या माणसाशी बोलतो तसं म्हणाला, "एकशे साठ. आला गं आकडा. ये आता भाईर."

कावळ्यानं पहिला घास घेतला तो गवारीचा.

मी तितंच बसले भुईवर. काय अडलं व्हतं बाईचं! ना पोरगी पायजे व्हती, ना वचन पायजे व्हतं. नियम व्हता, आकडा परत आल्याबिगर जागा सोडायची न्हाई. जागा सोडली न्हाई माझ्या वहिनीनं.

मग तुमी म्हणाल, वहिनी सुटली, आता ओढ्यावरनं जायला काय हरकत? विलास, तुझ्या तोंडावर दिसतंय तेच. ऐक, शहाण्या. वहिनी असती तर लेकराला अंधारात डोहाकडं बोलावलं असतं व्हय? कोणती आई बोलावंल? ते डोहातलं गिऱ्हा. काठावर बसून वर्षानुवर्षं रोज सकाळ-संध्याकाळ ऐकत व्हतं ते, ही वरडती, तो ओ देतो. शिकलं. आमच्याकडनंच आकडं शिकलं मेलं! वहिनी गेली, आकडं तितंच राहिलं. आता त्या जागी मशीन बसवलंय, आकडा आपोआप शहराला जातो, वरडायला कुणी लागत न्हाई. तरी भादव्यात मी अंगणात बसले की ओढ्याकडनं येतं, "चाळीस!" तेच ओढून बोलणं. मला ठावं हाय की ती न्हवं. तरी ओठ हलायला लागतात. मग मी पदर तोंडात धरते.

वैजू आता नांदती, दोन लेकरांची आई हाय. अजून तिच्यासमोर कुणी आकडा बोललं की ती ओठ मिटून घेती. का, ते तिला सुद्धा सांगता येत न्हाई. आन् दादा? मोजणी सोडली असंल वाटतं? न्हाई! मशीन येईस्तोवर रोज गेला. दातात खडू धरून जायचा, खडू धरून यायचा. एक खाडा पडू दिला न्हाई.

आली बघा लाईट. उठा. विलास, हिकडं ये आधी. हात पुढं कर. हा खडूचा तुकडा घे, माझ्या चंचीत कायम असतो. आन् पुलावरनं जा. लांब पडू दे. तुझी बायको नवी हाय, तिला तू पायजेस. वाटंत कुणी आकडा सांगितला तर कितीबी ओळखीचा आवाज असू दे, अगदी माझा असू दे, दात आवळायचं आन् चालत राहायचं. कळलं का?

मुंडी हलव नुसती. तोंडानं सांगू नकोस.